रानातली भुताची वाट : कशी उभी राहते, कोण उभी करतं

काजवा (धागाकर्ती)

हॅलोवीन म्हणजे दुकानदारांनी मोठा केलेला सण, प्लास्टिकचे सांगाडे आणि चॉकलेटं, याच्यापलीकडे त्यात काही नाही, असं इथे बऱ्याचदा वाचते. दर वेळी काहीतरी लिहावंसं वाटतं. आता निवांत लिहिते.

आम्ही अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याच्या दक्षिण भागात एका लहान गावात राहतो. दर ऑक्टोबरला इथली कलाकार मंडळी एका शेताच्या मागच्या रानात भुताची वाट, म्हणजे लोकांनी अंधारात घाबरत चालत जायची पायवाट, उभी करतात. तिकीट नाही. डबाबंद अन्न आणायचं, ते गावच्या फूड पँट्रीला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राला, जातं. काम करणाऱ्यांत एक कुंभारीण आहे, शाळेतले चित्रकलेचे शिक्षक आहेत, एक निवृत्त सुतार, दोन शिल्पकार, नाटकातली पोरं, आणि कागदाच्या लगद्याची कामं करणारी मी. पगार कुणालाच नाही. ऑगस्ट संपता संपता शेतकऱ्याच्या खळ्यात सगळे जमतात आणि 'यंदा काय?' यावर भांडणं सुरू होतात.

हे आमच्याच गावाचं खूळ नाही. जवळच ली नावाच्या गावात डिमेरिट हिल फार्मवर 'हाँटेड ओव्हरलोड' भरतं. एरिक लोथर या माणसाने ते उभं केलं. भोपळ्याच्या डोक्यांची, झाडांच्या उंचीशी स्पर्धा करणारी बुजगावणी, आणि सगळं हाताने केलेलं. २०१४ साली एबीसी वाहिनीवरच्या स्पर्धेत ते देशात पहिलं आलं. आमचं काम त्याच्या शंभराव्या हिश्शाचंही नाही, पण ते पाहिल्यापासून आमच्या सुतारबुवांनी विकतचा एकही राक्षस रानात येऊ दिलेला नाही.

याची मुळंही गावकीतच आहेत. पूर्वी हॅलोवीनच्या रात्री पोरं फार धुडगूस घालायची. मिनेसोटातल्या अनोका गावाने त्यावर उपाय म्हणून १९२० साली गावाची मिरवणूक काढली. ते गाव आजही स्वतःला हॅलोवीनची राजधानी म्हणवतं. १९३० च्या दशकात मंदीच्या काळात हाल होते, पोरं बेकार होती, नासधूस वाढली. तेव्हा ठिकठिकाणी आयाबायांनी घरांच्या तळघरांत भुताच्या वाटा मांडायला सुरुवात केली. अंधारात लोंबणाऱ्या ओल्या सुतळ्या, हाताला लागेल असं काहीतरी गिळगिळीत, भिंतीआडून कुणाचा तरी उसासा. पोरांना रात्री गुंतवून ठेवायचा तो मार्ग होता. पुढे सत्तरच्या दशकात जेसीज या तरुणांच्या सेवाभावी क्लबांनी देणग्या जमवण्यासाठी गावोगावी भुताची घरं काढली. मोठ्या कंपन्याही यात उतरल्या.

आता प्रत्यक्ष काम. आमच्याकडे सर्वांत जास्त चालतो तो 'मॉन्स्टर मड'. भिंतीच्या जोडांना लावायची तयार पुट्टी पाच भाग आणि लॅटेक्स रंग एक भाग, हे बादलीत चांगलं घोटायचं. त्यात गोणपाट बुचकळून, निथळवून, लाकडाच्या आणि कोंबडीजाळीच्या सांगाड्यावर टाकायचं. ओलं असतानाच चुण्या पाडून घ्यायच्या, कारण वाळलं की ते लाकडासारखं ताठ होतं. रंग बाहेरच्या भिंतींचा घ्यायचा आणि वरून सीलरचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लेपाचा, हात द्यायचा, नाहीतर पहिल्याच पावसात पुट्टी पाझरते. कुंभारीणबाई हे काम हातमोज्यांशिवाय करतात. पाठीच्या कण्यावरून गोणपाट ओढताना त्या बोटांनी एकेक मणका उठवतात. तो मणका रात्री कुणाला दिसणार नाही असं मी एकदा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, उजेड बाजूने पडला की सावली दिसेल. आणि दिसतेच.

प्रश्न असतील तर विचारा.

---

दुपारचा चहा

छान लिहिलंय. पण एक शंका. होम डेपो या घरसामानाच्या दुकानात तो बारा फुटी सांगाडा मिळतो ना? २०२० मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा २९९ डॉलरला होता आणि लोकांनी रांगा लावल्या होत्या. शिवाय हलणारी, किंचाळणारी यंत्रं मिळतात. एवढ्या माणसांचे एवढे तास घालवण्यापेक्षा चार यंत्रं आणली तर काम होणार नाही का?

---

काजवा

@दुपारचा चहा, अंगणात तो सांगाडा झकास दिसतो, माझ्या शेजाऱ्यांकडे आहे. रानात मात्र वेगळं होतं. यंत्र सेन्सरवर चालतं. पुढचा गट त्याच्या समोरून गेला की ते किंचाळतं, आणि पन्नास पावलं मागे असलेल्या गटाला कळतं की पुढे काहीतरी किंचाळणारं आहे. त्यांची भीती तिथेच संपते.

माणूस गटाकडे बघतो. कोण पुढे आहे, कोण मागे लपलंय, कोण मोठमोठ्याने हसतंय. मोठ्याने हसणारा बहुतेक वेळा सर्वांत घाबरलेला असतो. आमची नाटकवाली पोरं त्याला सोडून त्याच्या शेजारच्या शांत माणसाला निवडतात. आणि दचकवायचं ते कायम बाजूने किंवा मागून, म्हणजे लोक पुढे पळतात. समोरून दचकवलं तर लोक जागीच थिजतात, मागचा गट येऊन धडकतो, रांगेचा सगळा ताल बिघडतो.

तासांबद्दल म्हणाल, तर ते तास घालवायलाच लोक येतात. पलीकडच्या रस्त्यावरचे एक आजोबा वर्षभर कुणाशी बोलत नाहीत. सप्टेंबरात मात्र रोज येऊन मक्याची धाटं जुड्या करून बांधतात. त्यांची जुडी सुटत नाही.

---

मोखाडा

धागा आवडला. मी मूळचा जव्हारकडचा. आमच्याकडे चैत्र-वैशाखात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव, असतो. मुखवटे लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे. एकेक देव, एकेक राक्षस संबळाच्या तालावर रात्रभर येत राहतात. लहानपणी रावणाचं सोंग जवळ आलं की मी आजीच्या पदरात शिरायचो.

तुम्ही लगद्याचं काम करता म्हणून विचारतो. खळ कशाची वापरता? आमच्याकडे लगद्याला कीड लागू नये म्हणून जुनी माणसं फार जपत. आणि एक विनंती. बोहाड्यासारखे मुखवटे त्या रानात लावू नका. सोंग अंगावर घेतलेला माणूस तेवढा वेळ देव असतो. त्याची पूजा होते, नवस फेडले जातात. ते मुखवटे भुतांच्या ओळीत बसायचे नाहीत.

---

काजवा

@मोखाडा, विनंती शंभर टक्के मान्य. मुखवट्याचं तंत्र घेता येतं, देव घ्यायचा नाही, हे आमच्याकडेही ठरलेलं आहे. इथल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अबेनाकी लोकांच्या, कुठल्याही खुणा वाटेवर वापरायच्या नाहीत. 'रेड इंडियन लोकांच्या दफनभूमीवरचं भूत' ही इथली जुनी क्लृप्ती आहे. ती आमच्या चित्रकला शिक्षकांनी पहिल्याच बैठकीत बाद केली. ज्यांची जमीन गेली त्यांचेच मेलेले लोक करमणुकीला वापरायचे हे त्यांना सहन होत नाही, आणि मलाही नाही.

खळ गव्हाच्या पिठाची, त्यात थोडा लाकूडकामाचा पांढरा गोंद. रानात उंदीर फार, नुसती पिठाची खळ ते रात्रीत कुरतडतात. म्हणून वाळल्यावर दोन हात रंगाचे आणि वर सीलर.

मुखवट्यांवरून सांगते. इथून वर व्हरमाँटमध्ये ग्लोव्हर गावी 'ब्रेड अँड पपेट' ही मंडळी आहे. पीटर शुमन यांनी १९६३ साली न्यू यॉर्कमध्ये ती सुरू केली. लगद्याची माणसाहून कितीतरी मोठी बाहुली, आणि ती नाचवायला गावातलीच माणसं. न्यू यॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधली हॅलोवीनची मिरवणूकही राल्फ ली या मुखवटे करणाऱ्या कलाकाराने १९७४ मध्ये सुरू केली, सुरुवातीला गल्लीतल्या मुलांना आणि शेजाऱ्यांना घेऊन. आमच्यातला एक शिल्पकार तरुणपणी ग्लोव्हरला उन्हाळे काढून आलाय. मोठं डोकं हलकं कसं करायचं आणि ते माणसाच्या खांद्यावर न टेकवता पाठीवरच्या चौकटीवर कसं तोलायचं, हे त्याने आम्हा सगळ्यांना शिकवलं.

---

पणजीकर

आमच्या गोंयात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नाक्यानाक्यावर नरकासुर उभे राहतात. बांबू, तार, कागद, सुकं गवत. पोरं महिनाभर रात्री जागतात, स्पर्धा होतात, आणि पहाटे जाळून टाकतात. तुमचं वाचून अगदी तेच आठवलं. फरक एवढाच की आमचा राक्षस जळण्यासाठीच असतो.

तुमच्याकडे गोणपाट, मक्याची धाटं, सुकी पानं, वर वायरी आणि जनरेटर. हे सगळं पेटायला किती वेळ लागेल? लोक आत असताना?

---

फिलीकर

पणजीकरांचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि मी अग्निसुरक्षेतच काम करतो म्हणून लिहितो.

११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर पार्कमधल्या 'हाँटेड कॅसल'ला आग लागली. ट्रेलर एकमेकांना जोडून केलेला अंधारा चक्रव्यूह होता, भिंतींना फोम. आग लागली की पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते. आठ किशोरवयीन मुलं गेली. वाट मुद्दाम गोंधळात टाकणारी, अंधार मुद्दाम केलेला, आरडाओरडा नेहमीचाच. अशा जागेत खरा धोका आला तर लोकांना तो कळतच नाही. त्या आगीनंतर अशा बंदिस्त जागांचे नियम देशभर कडक झाले : स्प्रिंकलर, धूर दिसताच आपोआप लागणारे दिवे, बंद होणारे आवाज, दिसणारे दरवाजे.

उघड्या रानात छत नसतं, हा मोठा फायदा. पण मोह होतो तो ताडपत्री टाकून बोगदा करायचा, आणि तो केला की तुम्ही पुन्हा १९८४ मध्ये जाता. काजवाताई, तुमच्याकडे बोगदा आहे का?

---

काजवा

@फिलीकर, @पणजीकर, बोगदा नाही. गावच्या फायर चीफने पहिल्या वर्षीच सांगितलं होतं की डोक्यावर आकाश दिसलं पाहिजे. फोम अजिबात नाही. गोणपाटावर आणि धाटांवर अग्निरोधक द्रावण फवारतो, आणि पाऊस पडून गेला की परत फवारतो, कारण बरंचसं धुऊन जातं. प्रत्येक वळणावर अग्निशामक नळकांडं आणि एक माणूस, ज्याच्याकडे वॉकीटॉकी आहे आणि ज्याचं काम भूत होणं नाही. मेणबत्ती एकही नाही, भोपळ्यांतही एलईडी. आणि दर थोड्या अंतरावर बाहेर पडायची पायवाट, तिथे हिरवा दिवा. कुणालाही कधीही बाहेर पडता येतं, कुणी हसत नाही.

स्पर्शाचा नियम दोन्हीकडून : आम्ही लोकांना हात लावत नाही, लोकांनी आम्हाला लावायचा नाही. भूत झालेल्या पोरांना घाबरलेल्या माणसाचा ठोसा बसू शकतो, म्हणून ती हाताच्या टप्प्याबाहेर उभी राहतात.

---

तारेवरची

मी पुण्यात प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना करते, म्हणून उजेडाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे तुमच्या रांगेत मोठी शेकोटी असेल तर माणसं जवळजवळ आंधळी होऊनच रानात शिरतात. त्याचा उपयोग करता की ते टाळता? दोन्ही बाजूंनी विचार करता येईल. पहिली काही पावलं काहीच दिसू नये असं हवं असेल तर शेकोटी ठेवा. सूक्ष्म काम दाखवायचं असेल, तो मणका म्हणालात तसं, तर रांग मंद उजेडात हवी.

आणि कृपया सगळं हिरवं-जांभळं करू नका. मागून हलका निळा, बाजूने एकच पिवळट दिवा, बाकी काळोख. रंगमंचावर काळोख तयार करायला आम्हाला किती खटपट करावी लागते! तुम्हाला तो फुकट मिळालाय. पेपरचं भूत तर माहीत असेलच. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपरने तिरकी काच ठेवून रंगमंचावर भूत आणलं. कल्पना मूळची हेन्री डर्क्सची. आजही ती तशीच चालते. त्यात सगळी करामत उजेड कुठे नाही यात असते.

---

काजवा

@तारेवरची, तुम्ही इथे असायला हव्या होत्या! आमची दिवे लावणारी मुलगी हेच सांगते. रांगेत आम्ही शेकोटी ठेवतो आणि पहिल्या वळणानंतर काहीच नाही. दोरखंडाला धरून चालायचं. मग हळूहळू पाइनची खोडं दिसायला लागतात, आणि त्यांच्यात एक खोड हलतं.

काचेचं भूत करून पाहिलं, पण काचेवर दव धरतं. ऑक्टोबरच्या थंडीत रानात प्रत्येक गुळगुळीत गोष्टीवर दव धरतं. फॉग मशीनचंही तसंच : बंद खोलीत धूर साठतो, इथे वाऱ्याची एक झुळूक आली की गेला. म्हणून आमचे सुतारबुवा धूर बर्फाच्या पेटीतून फिरवून सोडतात. गार धूर जमिनीलगत राहतो. तोही जुन्या दगडी गडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीच्या, आडोशाला, जिथे वारा अडतो.

गडगे म्हटलं म्हणून कोकणातल्या मंडळींसाठी. न्यू इंग्लंडच्या रानात मैलोन्‌मैल दगडी गडगे आहेत. दीडदोनशे वर्षांपूर्वी हे सगळं शेत होतं. लोक पश्चिमेला आणि गिरण्यांकडे गेले, शेतं पडीक राहिली, रान परत वाढलं. ओक-मेपलच्या मधोमध अचानक एखादं तळघर सापडतं, दगडी पायऱ्या खाली जाणाऱ्या आणि वर घर नाही. आमच्या वाटेवर असं एक आहे. त्याला आम्ही काहीही केलेलं नाही. नुसता आत एक दिवा.

---

डोंबिवलीचे काका

मी पंच्याहत्तरीचा. गाव देवगडकडे. आमच्या लहानपणी भुतं मुद्दाम उभी करावी लागत नव्हती, वडाखाली मुंजा, पाणंदीत हडळ, सड्यावर चकवा. संध्याकाळी दिवेलागणीनंतर कुणी नाव घेत नसे. तुम्ही हौसेने बोलावता याचं नवल वाटतं. रागावून लिहीत नाही. पण भीतीचा खेळ करावा का, हा प्रश्न मनात येतो.

---

काजवा

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न माझ्या आईनेही विचारला होता. मला वाटतं, एकट्याची भीती आणि दहाजणांच्या गटाची भीती यांत फरक आहे. वाटेवरून बाहेर आलेली माणसं अनोळखी माणसांचे हात धरून आलेली असतात आणि ते सोडायचं त्यांच्या लक्षात येत नाही. मी पाहिलंय म्हणून ठामपणे सांगते.

आणि तुमचा चकवा आमच्या रानात आलाय. माझी आजी रत्नागिरीची. तिची गोष्ट मी बैठकीत सांगितली : माणूस चालत राहतो, चालत राहतो, आणि परत त्याच झाडापाशी येतो. सगळे गप्प झाले. इथल्या भुतांना चेहरा असतो, दात असतात. नुसती वाट चुकवणारं, अंगावर न येणारं भूत त्यांना नवीन होतं.

मग आम्ही एक मोकळी जागा मांडली. मोडकी डुलती खुर्ची, गंज चढलेला कंदील, उपडी किटली, एक वाळलेला बर्च तिरका टेकवलेला. आणि गडग्याच्या पलीकडे, दोन वळणं घेऊन गेल्यावर, हुबेहूब तशीच दुसरी. तीच खुर्ची, तोच कंदील, बर्च त्याच कोनात. जोडीच्या वस्तू मिळवायला उन्हाळाभर लोकांनी घरांसमोर भरणारे जुन्या वस्तूंचे बाजार पालथे घातले. कुंभारीणबाईंनी दुसरी किटली मातीची करून पहिलीसारखी गंजवली. तिथे भूत कुणीच नाही. लोक दुसऱ्या जागी येतात, थांबतात, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, आपण इथून गेलो होतो ना? गेल्या वर्षी सगळ्यांत जास्त माणसं हिरव्या दिव्याने बाहेर पडली ती तिथूनच.

---

डोंबिवलीचे काका

वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे चकवा लागला तर पायातली वहाण उलटी घालायला सांगत. तुमच्या लोकांना सांगा.

---

फिलीकर

काका, हे भारी! काजवाताई, दुसऱ्या खुर्चीपाशी उलटे जोडे ठेवा.

एक वेगळी गोष्ट. आमच्या पेनसिल्व्हेनियात पेनहर्स्ट नावाची जुनी संस्था आहे, स्प्रिंग सिटीजवळ. १९०८ पासून १९८७ पर्यंत तिथे मतिमंद म्हणवल्या गेलेल्या हजारो मुलामाणसांना कोंडून ठेवलं होतं, अत्यंत हाल झाले, कोर्टात खटले चालले. २०१० पासून तिथे वेड्यांच्या इस्पितळाचं भुताचं घर चालतं. त्या वेळी अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांनी विरोध केला होता, आणि मला तो पटतो. 'वेडा' पांढरा अंगरखा घालून अंगावर धावतो, हे इतकं सर्रास झालंय की कुणाला काही वाटत नाही. तुमच्याकडे काय धोरण आहे?

---

काजवा

@फिलीकर, इस्पितळ नाही, वेडे नाहीत. झाडाला लटकलेला माणूस नाही, फासाची दोरी तर नाहीच. या देशात झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांचा इतिहास खरा आहे, आणि आमच्या गावात कृष्णवर्णीय कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांनी रानातून चालताना ते बघावं का? हा प्रश्न एकदा विचारला की उत्तराला वेळ लागत नाही. त्यामुळे आमचं काम वाढलं, कारण सोपं भूत गेलं. पण चकवा त्यातूनच आला.

---

शहाळं

वाचतेय, फार छान धागा. आम्ही बॉस्टनजवळ राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दीड. न्यायचं का? आणि मला कामाला यायचं असेल तर काही येत नसताना चालेल का? विणकाम तेवढं येतं.

---

मोखाडा

+१, काम कसं वाटून घेता तेही लिहा. आमच्या गावात परत काही सुरू करायचा विचार आहे, मुखवटे करणारी दोनच घरं उरलीत. माणसं जमवायची कशी हे कळत नाही.

---

काजवा

@मोखाडा, आमच्याकडे एकच गोष्ट उपयोगी पडली. प्रत्येक कारागिराच्या हाताखाली शाळेतली दोन मुलं. इथे शाळेत सेवेचे तास भरावे लागतात, ते त्यांना मिळतात. पहिल्या वर्षी ती तासांसाठी येतात, दुसऱ्या वर्षी स्वतःचा राक्षस मागतात. मागितला की द्यायचा, भले वाकडा होईना. तुमच्याकडे मुखवटा करणाऱ्या त्या दोन घरांना शिकवण्याचे पैसे मिळाले पाहिजेत, हे मात्र आधी बघा. आम्ही फुकट करतो कारण आमची पोटं दुसऱ्या कामावर चालतात. व्यक्तिगत निरोप पाठवा, लगद्याचं माझ्याकडे आहे ते सगळं लिहून पाठवते.

@शहाळं, विणकाम येतं म्हणजे खूप येतं. सुतळीची मोठमोठी कोळ्याची जाळी विणायला माणूस नाही आमच्याकडे. सप्टेंबरातल्या कुठल्याही शनिवारी सकाळी या. लांब पँट, मोजे वर ओढलेले, कारण रानात गोचीड आहेत आणि त्यांच्या चाव्याने होणारा लाइमचा आजार इथे खूप. घरी गेल्यावर मुलांच्या केसांत, गुडघ्यांमागे नीट बघा. तीन पानांची चकचकीत वेल दिसली तर हात लावू नका, ती पॉयझन आयव्ही.

मुलीला रात्री नको. रविवारी दुपारी आम्ही भुतांशिवाय वाट उघडी ठेवतो. त्या दिवशी मुलं राक्षसांच्या मागे जाऊन लाकडाचा सांगाडा बघतात, गोणपाटाला हात लावतात, आणि भूत होणारी पोरं तिथेच बसून त्यांचे चेहरे रंगवतात. बाबागाडी मुळांवरून चालणार नाही, धाकट्याला पाठीवर घ्या. हवामान मात्र आदल्या दिवशी बघून निघा. २०११ साली २९ ऑक्टोबरला इथे पानं झाडावर असतानाच जड बर्फ पडला होता आणि फांद्या मोडून सगळीकडे वीज गेली होती. जोराचा वारा असेल तर आम्ही वाट बंद ठेवतो. तसं असलं तर सकाळी नऊच्या आत याच धाग्यावर लिहीन.